असईचे रणांगण आणि आपण

जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात, भोकरदन-जाफराबाद परिसरात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई हे लहानसे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दुपारी याच शिवारात आर्थर वेलस्लीची इंग्रज फौज आणि दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांची संयुक्त सेना एकमेकींवर तुटून पडल्या. सूर्यास्तापर्यंत कंपनीची सुमारे सोळाशे माणसे ठार वा जखमी झाली होती. मराठ्यांची हानी सहा हजारांच्या घरात गेली, असा इंग्रजांचा अंदाज होता. शिंद्यांच्या नव्वदाहून अधिक तोफा शत्रूच्या हाती पडल्या. पुढे वॉटर्लू जिंकणारा हा सेनापती वृद्धपणीही असईलाच आपला सर्वश्रेष्ठ पराक्रम मानत असे.

पराक्रमाची ही कथा आपण शाळेत वाचतो. परंतु ती माणसे त्या शेतांत का मेली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. कंपनीच्या फौजेत मद्रासकडील शिपाई मोठ्या संख्येने होते. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा प्रमुख पोलमान हा जर्मन असून तो पूर्वी कंपनीच्याच चाकरीत होता. समोरच्याशी कोणाचे वैयक्तिक वैर नव्हते. वैर होते ते दुसरीकडेच.

त्याचा माग काढीत गेलो, तर आपण एका घरगुती सूडापाशी येऊन थांबतो. एप्रिल १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले. भावाच्या मृत्यूने पेटलेल्या यशवंतराव होळकरांनी २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसर येथे पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव वसईला पळाले आणि ३१ डिसेंबर रोजी त्यांनी इंग्रजांशी तह करून त्यांची तैनाती फौज स्वीकारली. हा तह शिंदे-भोसल्यांना अपमान वाटला. होळकर मात्र या युद्धापासून दूर राहिले. शिंद्यांशी असलेला त्यांचा दावा अजून फिटला नव्हता. वर्षभरात असई घडली.

क्रोध, मान, माया आणि लोभ हे चार कषाय आपण प्रतिक्रमणात नित्य आठवतो. या इतिहासात ते चारही आपापल्या नावानिशी उभे दिसतात. होळकरांचा क्रोध, शिंद्यांचा मान, बाजीरावांची माया आणि कंपनीचा लोभ! तरीही प्रत्येकाची समजूत एकच होती, की आपण केवळ आत्मरक्षण करीत आहोत. जैन आचारात गृहस्थाच्या हिंसेचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांत विरोधी हिंसा, म्हणजे आक्रमकाचा प्रतिकार, गृहस्थाला सर्वस्वी टाळता येत नाही असे मानले आहे. पण ही सवलत किती जपून वापरावी लागते, ते असई शिकवते. आपले युद्ध हे विरोधी हिंसाच आहे, असे ज्याला वाटत नाही असा राजा शोधूनही सापडणार नाही. माणसे पुनःपुन्हा युद्धास उभी राहतात, याचे मोठे कारण हेच आहे.

भगवती सूत्रात महाशिलाकंटक आणि रथमुसल या दोन भीषण संग्रामांचे वर्णन आहे. परंपरा सांगते की, त्यांच्या मुळाशी एक हार आणि सेचनक नावाचा हत्ती होता. कूणिकाला भावांकडून ते हवे होते. भावांनी वैशालीच्या चेटकाचा, म्हणजे आपल्या आजोबांचा, आश्रय घेतला. रणात मेलेल्यांना स्वर्ग मिळतो काय, असा प्रश्न गौतमांनी विचारला, तेव्हा ही लोकसमजूत भगवान महावीरांनी खरी मानली नाही. जगातील बहुतेक सैन्ये ज्या आश्वासनावर उभी असतात, तेच येथे काढून घेतले आहे. त्याच प्रसंगात वरुण नावाच्या श्रावकाची कथा येते. राजाज्ञेने त्याला रणात जावे लागले, परंतु जो आधी प्रहार करील त्याच्यावरच प्रहार करीन, असा नियम त्याने घेतला होता. युद्ध टाळणे त्याच्या हाती नव्हते. पहिला घाव न घालणे मात्र होते.

येथे आपल्याला एक कटू गोष्टही मान्य करावी लागेल. युद्धे द्रव्याविना होत नाहीत आणि द्रव्य पेढ्यांवर असते. प्लासीच्या सुमारास मुर्शिदाबादचे जगत्सेठ हे ओसवाल जैन घराणे नवाबाविरुद्धच्या कटात सामील होते. ज्यांना त्यांनी साहाय्य केले, त्यांच्याच राज्यव्यवस्थेत त्यांची पेढी लयाला गेली. आणि त्यांतील महताबचंद यांना १७६३ मध्ये मीर कासीमने ठार मारले. पुण्यातही १७९८ मध्ये शिंद्यांच्या फौजेचा थकलेला पगार भागविण्यासाठी सर्जेराव घाटग्यांनी सावकारांचा अमानुष छळ केला. धन देणाराही सुटला नाही आणि ज्याच्याकडून ते ओरबाडले तोही सुटला नाही. किडामुंगी वाचविणाऱ्या हातांनी आपला पैसा कोठे जातो, हेही पाहिले पाहिजे.

असईतून कोणाला काय मिळाले? डिसेंबर १८०३ मध्ये देवगाव व सुर्जी-अंजनगाव येथील तहांनी भोसले आणि शिंदे यांचे मोठे प्रदेश गेले. ज्या बाजीरावांनी सुरक्षिततेसाठी परकी फौज आणली, त्यांची पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. आणि ज्यांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता, त्या दख्खनच्या रयतेच्या वाट्याला १८०३-०४ चा दुष्काळ आला. पाऊस अपुरा होताच. उरलेले पीक आणि वैरण फिरत्या फौजांनी फस्त केली.

असईच्या लढाईची तारीख दरवर्षी पर्युषणाच्या मागेपुढे येते. त्या दिवसांत आपण शेकडो लोकांकडे क्षमा मागतो, पण ज्याच्याशी खरोखर वैर आहे, त्याचेच नाव बहुधा वगळतो. पुण्यातील एका सूडाचे मोल जालन्याच्या मातीने दिले. आपल्या घरातील बंद पडलेल्या बोलण्याचे मोल कोण देणार आहे, याचा विचार यंदा क्षमापनेपूर्वी करू या. पहिला घाव न घालण्याचा नियम वरुणाने रणात घेतला. पहिली क्षमा मागण्याचा नियम आपल्याला घरी बसून घेता येईल.