खुब्यातल्या पाण्याचा हिशेब

बर्लिनच्या प्रयोगशाळेत चालता चालता एका रुग्णाचा पाय अडखळला. पडला नाही, सावरला. एरवी अशा ठेचेची कुणी नोंद ठेवत नाही. पण या रुग्णाच्या खुब्यात कृत्रिम सांधा होता, त्या सांध्यात भार मोजणारे संवेदक होते आणि ते बाहेरच्या यंत्राला बिनतारी संदेश पाठवत होते. सावरण्याच्या त्या क्षणी खुब्यावर आलेला भार शरीराच्या वजनाच्या ७.२ पट निघाला. दुसऱ्या एका रुग्णाचा आकडा तर ८.७ पटींवर गेला. ६० किलोच्या माणसाला हाच हिशेब लावला तर एका खुब्यावर, निमिषभर का होईना, पाच क्विंटलांहून जास्त ओझे!

गेओर्ग बर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये या नोंदी प्रसिद्ध केल्या. नंतर २००१ मध्ये त्यांनी रोजच्या हालचालींचे आकडेही मांडले. साध्या चालीत वजनाच्या सुमारे २.४ पट, जिना चढताना २.५ पट आणि उतरताना २.६ पट भार खुब्यावर येतो. वजन एकपट असताना भार दुपटीहून जास्त का, याचे उत्तर तरफेत आहे. चालताना दर पावलाला माणूस क्षणभर एकाच पायावर असतो आणि कंबर दुसऱ्या बाजूला झुकू पाहते. तिला खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू ओढून धरतात. त्यांची तरफ आखूड असल्यामुळे त्यांना जोर फार लावावा लागतो, आणि वजनाबरोबर तो जोरही सांध्यावरच येतो. डॉक्टर काठी दुखऱ्या बाजूच्या उलट हातात धरायला सांगतात ते याच कारणाने.

आता हा सगळा भार पेलणारी वस्तू पाहू. मटणाच्या नळीच्या टोकाला पांढरी, किंचित निळसर, गुळगुळीत टोपी दिसते. तीच कूर्चा. माणसाच्या खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा आणि कमरेच्या हाडातली वाटी या दोन्हींवर तिचा थर असतो. त्याची जाडी साधारण १ ते ३ मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत. वजनाच्या ७० ते ८० टक्के तर नुसते पाणी. उरलेल्या भागात कोलॅजनचे धागे आणि त्यांच्यात अडकलेले, पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू.

इथे एक कोडे आहे. पाणी सोडून उरलेल्या या सांगाड्याचा कडकपणा मोजला तर तो जेमतेम १ मेगापास्कलच्या घरात येतो. खुब्यातला दाब मात्र त्याच्या कितीतरी पट असतो. अमेरिकेत १९८४ मध्ये एका रुग्णाच्या खुब्यात दाब मोजणारा धातूचा गोळा बसवला होता. खुर्चीतून उठताना त्यावर १८ मेगापास्कल दाब नोंदला गेला. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या हा सुमारे ऐंशी पट आहे. इतका मऊ सांगाडा एवढ्या दाबाखाली चिरडला जायलाच हवा. तरीही तो सत्तर-ऐंशी वर्षे टिकतो.

कोड्याची किल्ली मिळाली ती मातीत. ओल्या चिकणमातीवर इमारत बांधली की ती एकदम खचत नाही, वर्षानुवर्षे हळूहळू बसत जाते. सुरुवातीला भार मातीच्या कणांवर नसतोच. तो कणांमधल्या पाण्यावर असतो. पाणी बारीक फटींतून वाट काढत बाहेर पडते तसतसा भार कणांवर सरकतो. कार्ल टर्झागी यांनी १९२० च्या दशकात याचे गणित मांडले आणि मॉरिस बिओ यांनी १९४१ मध्ये ते व्यापक केले. कूर्चेसाठी याच धाटणीचे गणित व्हॅन मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये बसवले. कूर्चा म्हणजे एक घन आणि एक द्रव यांचे मिश्रण, असे त्यांनी धरले. तिच्यातल्या फटी इतक्या सूक्ष्म की पाणी सहज निसटत नाही. पाऊल टेकते ते सेकंदभर. तेवढ्या वेळात पाण्याला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. कोंडलेले पाणी ताठ होते आणि नव्वद टक्क्यांहून जास्त भार तेच उचलते. दोन पृष्ठभाग एकमेकांवर जवळजवळ घर्षणाशिवाय सरकतात, त्यातही या पाण्याचा मोठा वाटा आहे.

कागदावर हे गणित एका छोट्या गोल चकतीपुरते सुटते. खुबा चकतीसारखा नसतो. म्हणून विमानाच्या पंखांसाठी वापरात आलेली ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धत इथे लागते. स्कॅनमधून हाडांचा आणि कूर्चेचा आकार काढायचा, संगणकात त्याचे हजारो चिमुकले ठोकळे पाडायचे, प्रत्येक ठोकळ्याला घनाचे आणि पाण्याचे गुण द्यायचे, वरून बर्लिनचा भार टाकायचा आणि कुठला ठोकळा किती दबला हे सोडवत बसायचे. यासाठी युटा विद्यापीठातले जेफ्री वाइस व स्टीव्ह मास आणि कोलंबिया विद्यापीठातले जेरार्ड अतेशियन यांनी ‘फेबायो’ नावाची प्रणाली तयार केली. संशोधकांना ती फुकट मिळते.

अशा मॉडेलमधून सांध्यातल्या एका दुर्लक्षित भागाला मान मिळाला. वाटीच्या काठाला लेब्रम नावाची चिवट किनार असते. पूर्वी तिला फारसे कुणी विचारत नसे. स्टीफन फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये संगणकात ती किनार काढून पाहिली. कुकरची रिंग काढावी तसे झाले: पाणी लवकर निसटू लागले, कूर्चा ४० टक्क्यांपर्यंत जास्त वेगाने दबली आणि घन भाग घन भागावर घासण्याचा ताण ९२ टक्क्यांपर्यंत वाढला. जिवंत माणसात हा प्रयोग करण्याची सोयच नाही.

युटामध्ये २०११ साली वेगळा प्रश्न विचारला गेला. काही जणांची वाटी जन्मापासून उथळ असते. त्यांचा खुबा तरुणपणीच झिजायला लागतो. निरोगी खुब्याच्या मॉडेलमध्ये लेब्रमवर एकूण भाराचा १ ते २ टक्केच वाटा आला. उथळ वाटीत तो ४ ते ११ टक्के निघाला. गोळा काठाकडे सरकतो आणि जिचे काम पाणी अडवण्याचे, तिलाच ओझे वाहावे लागते. अशा रुग्णांची किनार फाटलेली का आढळते, हे यातून कळायला मदत होते.

संगणकाने काढलेली लाल-पिवळी-निळी चित्रे फार पटतात, आणि धोका तिथेच आहे. चुकीचे मॉडेलही तितकेच देखणे चित्र काढते. म्हणून युटाच्याच अँड्र्यू अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ताळा करून पाहिला. त्यांनी एका मृतदेहाच्या खुब्यात दाबाप्रमाणे रंग बदलणारी पातळ फिल्म घातली, यंत्राने चालण्याइतका आणि जिन्याइतका भार दिला, आणि त्याच खुब्याच्या मॉडेलशी ठसे जुळवले. बरेचसे जुळले. पुढे त्यांनी सोयीसाठी हाडांचे आकार गुळगुळीत, भूमितीतल्यासारखे करून पाहिले, तर सर्वाधिक दाब जवळजवळ निम्म्यावर आला. खऱ्या हाडावरचे बारीक उंचवटे पुसले की हिशेब बिघडतो.

या सगळ्यात एक गंमत आहे. निरोगी कूर्चेच्या मॉडेलवर टाकला जाणारा भार मोजला गेला तो मूळ कूर्चा काढून धातूचा सांधा बसवलेल्या, बहुतेक उतारवयातल्या युरोपीय रुग्णांत. आणि तोही मुख्यतः चालणे, जिना आणि खुर्ची यांचा. मांडी घालणे, उकिडवे बसणे आणि गुडघे टेकणे यांत खुबा किती वळतो याची मोजणी ३० निरोगी भारतीयांवर झाली आणि ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सांध्यांचे कोन मिळाले. पंगतीत पाटावर तासभर मांडी घालून बसले की पाण्याला निसटायला सेकंद नव्हे, अख्खा तास मिळतो. तेवढ्या वेळात किती भार सांगाड्यावर सरकतो, हे त्या कोनांतून कळत नाही.