अकरा ओळींचा तुकडा

हजेरीपटावर ७, ४२, १०५ हे क्रमांक एकाखाली एक नीट दिसावेत, म्हणून आपण ००७, ०४२, १०५ असे लिहितो. संगणकाच्या पडद्यावर हेच काम कसे होते? क्रमांकातील अंक मोजायचे आणि हवी ती लांबी भरेपर्यंत डावीकडे शून्ये जोडत जायची. काम सोपे, पण प्रत्येकाने ते दर वेळी नव्याने का लिहावे? एकदा लिहून, तपासून ठेवलेला आज्ञांचा तुकडाच पुन्हा पुन्हा वापरला, तर श्रम वाचतात आणि चुकाही टळतात.

ही युक्ती जुनीच आहे. केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली एडसॅक हा संगणक सुरू झाला. तेथे विल्क्स, व्हीलर व गिल यांनी असे तुकडे छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर जपून ठेवले. वर्गमूळ हवे? कपाटातील फीत काढा आणि तिची नक्कल आपल्या फितीवर उतरवून घ्या! १९५१ पर्यंत या संग्रहात ८७ तुकडे जमले होते.

आज वेबपृष्ठांसाठी वापरल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेतील तुकड्यांचेही असेच एक प्रचंड भांडार आहे. त्याचे नाव एनपीएम. फरक एवढाच, की पुष्कळ जण नक्कल जवळ न ठेवता, जुळणीच्या वेळी तुकडा भांडारातून नव्याने मागवतात. डावीकडची जागा भरणारा ‘लेफ्ट-पॅड’ हा त्यांपैकीच एक. अवघ्या ११ ओळींचा! २२ मार्च २०१६ रोजी, दुसऱ्याच एका तुकड्याच्या नावावरून झालेल्या वादात, त्याच्या कर्त्याने आपले सारे तुकडे भांडारातून काढून घेतले. मग काय झाले? तयार वेबपृष्ठे चालू राहिली. पण जगभर हजारो ठिकाणी नवी जुळणी अडली. त्यांतील अनेकांना लेफ्ट-पॅडचे नावही ठाऊक नव्हते. त्यांनी मागवले होते ‘बॅबेल’. ते दुसऱ्या तुकड्यांवर विसंबून होते आणि त्या साखळीच्या टोकाला लेफ्ट-पॅड होता! अखेर काही तासांतच तो तुकडा भांडारात परत ठेवावा लागला. पुढे २०१७ साली ही सोय जावास्क्रिप्टच्या प्रमाण भाषेतच आली.

म्हणजे तयार तुकडा वापरू नये काय? अवश्य वापरावा. मात्र तो समजून घ्यावा, आणि त्याची एक नक्कल जवळ ठेवावी.

आता तुम्हीच या कामाच्या पायऱ्या मराठीत लिहून पाहा. लांबी ३ हवी आणि क्रमांक १२३४ आला, तर तुमचा तुकडा काय करील?