ठोकळ्यांचा हिशेब

ग्रामोदय संघामुळे मातीकामासाठी ओळखल्या जाणाऱ्या भद्रावतीतही मुलांना हवा असतो लेगोचा डबा. किंमत ऐकून घाम फुटतो. आयात खेळण्यांवरचे सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७०!

पण १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यात ‘टक्’ करून बसतो. थोरल्याचा डबा धाकट्याला, मग मावशीच्या पोरांना. वर आठ उंचवटे असलेले एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे ९१ कोटींहून अधिक प्रकारे जोडता येतात. कंटाळा येणार कधी? हलक्या नकलांची पकड सैल असली, की मनोरा हात लावताच कलंडतो.

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. स्वस्त घ्या किंवा महाग, ते पाहूनच घ्या.