जमीनमालकाचा हक्क आणि चाकाची बेडी

आपल्या जागेत कोणी परवानगीवाचून मोटार उभी केली, तर जागेच्या मालकाने काय करावे? प्रश्न साधा दिसतो. पण ब्रिटनमध्ये त्याने न्यायालये आणि पार्लमेंट या दोहोंनाही बरीच वर्षे कामाला लावले.

चाकाला लोखंडी बेडी घालावयाची आणि पैसे हाती पडल्याखेरीज ती काढावयाची नाही, हा तेथील मालकांचा उपाय. आपल्याकडे हिला ‘जॅमर’ म्हणतात. स्कॉटलंडच्या वरिष्ठ फौजदारी न्यायालयाने १९९२ साली हा प्रकार सरळ खंडणी व चोरी ठरविला. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने मात्र १९९५ साली निराळी वाट धरली. सूचनाफलक पाहूनही जो गाडी उभी करतो, त्याने बेडीला संमतीच दिली, असे त्याने मानले. रक्कम वाजवी असावी, पैसे देऊ करताच गाडी सुटावी आणि त्यासाठी संपर्काची सोय असावी, अशी बंधनेही त्याने घातली.

बंधने उत्तम होती. पण ती पाळली जातात की नाही, हे पाहावे कोणी? अपरात्री ज्याची गाडी अडकली तो न्यायालयाची वाट पाहत नाही. मागतील ते देऊन मोकळा होतो. २००१ च्या कायद्याने बेडी घालणाऱ्यांना परवाना सक्तीचा केला, परंतु रकमेला मर्यादा घातली नाही. अखेर १ ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंड व वेल्समध्ये कायदेशीर अधिकाराविना बेडी घालणे हाच गुन्हा ठरला. चालकाची संमती होती, ही सबबही उरली नाही.

मग जमीनमालक निराधार झाला काय? मुळीच नाही. चालक कोण हे न कळल्यास, रीतसर नोटिशीनंतर, नोंदणीकृत वाहनधारकाकडून आकार मागण्याची मुभा त्याच कायद्याने दिली. दोन तास विनामूल्य असलेल्या वाहनतळावर ५६ मिनिटे अधिक थांबणाऱ्याकडून मागितलेले ८५ पौंड २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरविले. या कागदी मागण्यांविषयीही तक्रारी आहेतच. म्हणून २०१९ साली शासनाने आचारसंहिता करावी असा कायदा झाला. २०२२ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी मागेही घेतली गेली.

तरीही, श्रोतेहो, एक पाऊल पुढे पडले आहे. कागदावरची मागणी नाकारता येते, तिच्याविरुद्ध दाद मागता येते. बेडी पडली की आधी पैसे आणि मग तक्रार! जमीन मालकाचीच राहिली. स्वतःच फिर्यादी, स्वतःच न्यायाधीश होण्याचा त्याचा अधिकार तेवढा गेला.