पाऊस उघडल्यावरचं रेगे

माळशेजचं धुकं विरून मढजवळचं पिंपळगाव जोगा धरण लख्ख दिसू लागतं, त्या दिवसांत ऐकावं असं गाणं म्हणजे ‘आय कॅन सी क्लिअरली नाऊ’. टेक्सासचे गायक जॉनी नॅश (१९४०–२०२०) यांनी ते स्वतः लिहिलं. नोव्हेंबर १९७२मध्ये ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चार आठवडे अव्वल राहिलं.

हे गाणं रेगे या जमैकाच्या संगीतशैलीतलं. रेगेत गिटारचा ठोका चारपैकी दुसऱ्या नि चौथ्या मात्रेवर पडतो. त्यामुळे चाल झुलते. नॅश जमैकात राहून हे शिकले. रेगे गायक बॉब मार्ली जगाला फारसे ठाऊक नसताना नॅश यांनी त्यांची गाणी गायली, हे त्यांचं खरं मोठेपण. १९९३मध्ये ‘कूल रनिंग्ज’ चित्रपटासाठी ‘आय कॅन सी क्लिअरली नाऊ’ हेच गाणं जमैकाच्या जिमी क्लिफ यांनी गायलं.