वाणांच्या जन्मकथा : हिमालयातल्या दोन जातींचं 'रोझॅन'

संकर हातानं कसा घडवतात, ते गेल्या आठवड्यात आपण पाहिलं. फूल उमलायच्या आधी परागकोश काढायचे, दुसऱ्या झाडाचे परागकण कुंचल्यानं लावायचे, वर पिशवी बांधायची आणि चिठ्ठी अडकवायची. आजचं वाण या वाटेनं आलेलं नाही. 'रोझॅन' नावाचं हे जिरेनियम इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात एका घरच्या बागेत आपलं आपण उगवलं, आणि हे रोप निराळं आहे एवढं त्या घरच्यांच्या लक्षात आलं. माझ्या मते या जन्मकथेतला सगळ्यात मोलाचा क्षण तोच.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. आपल्या नर्सरीत जिरेनियम म्हणून मिळणारं लाल-गुलाबी फुलांचं कुंडीतलं रोप, किंवा महाराष्ट्रातले काही शेतकरी सुगंधी तेलासाठी लावतात ते जिरेनियम, ही दोन्ही शास्त्रानुसार पेलार्गोनियम आहेत. लिनीयसनं १७५३ साली दोन्ही एकाच प्रजातीत घातली होती. पुढं १७८९ मध्ये लेरिटिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं पेलार्गोनियम वेगळं काढलं, पण तोवर लोकांच्या तोंडी पहिलं नाव बसलेलं होतं, आणि ते आजही सुटलेलं नाही. ओळखायचं असेल तर फूल समोरून पाहावं. खऱ्या जिरेनियमच्या पाचही पाकळ्या आकारानं सारख्या आणि गोल मांडलेल्या असतात. पेलार्गोनियमच्या वरच्या दोन पाकळ्या सहसा खालच्या तिघींपेक्षा वेगळ्या दिसतात. स्वभावही निराळे. पेलार्गोनियम मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतलं, त्याला कडक हिम सोसत नाही. खरं जिरेनियम बहुतांशी थंड प्रदेशातलं. 'रोझॅन'सारखं बहुवर्षायू जिरेनियम हिवाळ्यात वरून मरतं, मुळाशी जिवंत राहतं आणि वसंतात पुन्हा फुटतं.

'रोझॅन' समजून घ्यायचं तर त्याच्या आईबापांकडं जायला हवं, आणि ते दोघंही आपल्या हिमालयातले. एक 'जिरेनियम हिमालयेन्स'. ते जमिनीखालच्या खोडांनी पसरतं, फुलं मोठी आणि निळी, पण मुख्य बहर उन्हाळ्याच्या सुरुवातीला येतो आणि नंतर ओसरतो. दुसरं 'जिरेनियम वॉलिकियानम'. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अनेक वर्षं प्रमुख असलेले डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ नॅथॅनिएल वॉलिक यांच्यावरून हे नाव आलं. उत्तराखंडात 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स'ला जाऊन आलेल्या मराठी ट्रेकर मंडळींनी याची जांभळट गुलाबी फुलं गवतात पाहिली असतील. याचे दांडे लांब, आडवे सरपटणारे, आणि फुलं उन्हाळ्याच्या उत्तरार्धात येऊन शरदापर्यंत टिकणारी. याच जातीचा एक निळा, मधोमध पांढरा डोळा असलेला प्रकार १९२० च्या सुमारास वेल्समधल्या बक्स्टन नावाच्या बागायतदाराच्या बागेत निपजला. 'बक्स्टन्स व्हरायटी' म्हणून तो ब्रिटिश बागांत पसरला.

डोनाल्ड आणि रोझॅन वॉटरर या दांपत्याच्या बागेत 'हिमालयेन्स' आणि 'बक्स्टन्स व्हरायटी' दोन्ही होती. परागकण इकडचे तिकडं नेण्याचं काम कीटकांनीच केलं असणार. १९८९ साली त्यांना एक रोप दिसलं, ज्याची फुलं दोघांपेक्षा ठसठशीत होती आणि जे फुलायचं थांबतच नव्हतं. बी पडून उगवलेली अशी रोपं हजारो बागांत दरवर्षी तण म्हणून उपटली जातात. वॉटररांनी ते राखलं, वाढू दिलं आणि पुढं नॉरफकमधल्या 'ब्लूम्स ऑफ ब्रेसिंगहॅम' या रोपवाटिकेकडं सोपवलं. तिथं चाचण्या आणि रोपं वाढवण्यात वर्षं गेली. २००० साली लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात ते लोकांसमोर आलं. नोंदणीतलं वाणाचं नाव 'गेरवॅट', विकायचं नाव 'रोझॅन', म्हणून रोपाच्या चिठ्ठीवर दोन्ही नावं दिसतात.

आता रोपाकडं पाहू. फूल पाच-सहा सेंटीमीटर रुंद, जांभळट निळं, मधोमध पांढुरकं, पाकळ्यांवर गडद शिरा. हवा गार झाली की निळेपणा वाढतो, उकाड्यात तो जांभळ्याकडं झुकतो. पानं खोल कातरलेली, हिरव्यावर फिकट पोपटी छटांची, शरदात तांबूस होणारी. उंची साधारण अर्धा मीटर, पसारा मात्र त्याहून बराच अधिक. दांडे शेजारच्या झुडपांत शिरतात आणि त्यांच्या आधारानं वर येऊन फुलतात. जमिनीखालून मात्र ते 'हिमालयेन्स'सारखं सैरावैरा पळत नाही. मूळगड्डा एका जागी राहतो, आणि हिवाळ्यात वरचं सगळं मरून गेलं की पसारा पुन्हा शून्यावर येतो.

पण या वाणाचं खरं मोठेपण रंगात नाही, दिनदर्शिकेत आहे. इंग्लंडच्या हवेत ते जूनच्या आसपास फुलायला लागतं आणि पहिलं कडक हिम पडेपर्यंत फुलत राहतं. पालकांच्या सवयी आठवल्या तर यातलं अर्धं कोडं सुटतं. एकाचा बहर उन्हाळ्याच्या सुरुवातीचा, दुसऱ्याचा शेवटचा, आणि संकरात दोन्ही टोकं सांधली गेली. उरलेलं अर्धं त्याच्या वांझपणात आहे. 'रोझॅन'ला बी धरत नाही. दोन वेगळ्या जातींची गुणसूत्रं एका रोपात एकत्र आली की परागकण आणि बीजांडं बनताना त्यांच्या जोड्या नीट जुळतीलच असं नसतं, म्हणून अशी संकरित रोपं पुष्कळदा वांझ निघतात. फुलझाडाला एकदा बी धरलं की त्याची ताकद बी पोसण्याकडं वळते आणि नव्या कळ्या कमी होतात. झेंडूची सुकलेली फुलं आपण खुडतो ती याचसाठी. 'रोझॅन'मध्ये ही खुडणी करावीच लागत नाही. सर्वसाधारण जिरेनियमच्या फुलामागं क्रौंच पक्ष्याच्या चोचीसारखं लांब फळ धरतं, ते इथं भरतच नाही.

वांझपणाचा दुसरा परिणाम असा की बियांतून हे वाण मिळत नाही. गड्डा फोडून, छाटापासून किंवा प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनानं, एवढेच मार्ग. म्हणजे आज जगात कुठंही असलेलं 'रोझॅन'चं रोप हा सॉमरसेटमधल्या त्या एकाच रोपाचा तुकडा आहे. आपला हापूस कलमानं वाढतो, त्यातलंही तत्त्व हेच. बियांच्या वाणात रोपागणिक थोडा फरक येतो. इथं तो येत नाही, म्हणून बागेची आखणी करणाऱ्यांना अशा वाणाचा भरवसा वाटतो. अमेरिकेतल्या 'पेरेनियल प्लांट असोसिएशन'नं २००८ साठी याला वर्षातलं बहुवर्षायू रोप ठरवलं. चेल्सी प्रदर्शनाच्या शताब्दीला, २०१३ मध्ये, 'शतकातलं रोप' हा मानही याच वाणाला मिळाला.

हक्कांचा प्रश्नही उभा राहिला. नेदरलँड्समध्ये 'जॉली बी' नावाचं वाण स्वतंत्र म्हणून विकलं जात होतं, पण दोन्ही रोपं शेजारी लावली तर वेगळी सांगता येईनात. नव्या वाणाला संरक्षण मिळण्याची पहिली अटच अशी की ते आधीच्या वाणांहून स्पष्ट वेगळं हवं. अखेर 'जॉली बी' हे नाव मागं पडलं आणि 'रोझॅन' उरलं.

आपल्याकडं लावायचं का, असं कोणी विचारलं तर कोकणात, मुंबईत किंवा विदर्भाच्या मैदानात मी नको म्हणेन. त्याला गार रात्री, हिवाळ्याची विश्रांती आणि पाणी न साठणारी जमीन लागते. पावसाळ्यात पाणी तुंबलं तर गड्डा कुजतो. न्यू जर्सी, शिकागो किंवा ब्रिटनमध्ये बाग करणाऱ्या मराठी वाचकांनी मात्र जरूर लावावं, सकाळचं ऊन आणि दुपारची थोडी सावली मिळेल अशा जागी. मध्येच दांडे फार लांबून विस्कटले तर बिनधास्त छाटावेत, नवी फूट येऊन ते पुन्हा फुलतं.

एकाच रोपाचे तुकडे असूनही 'रोझॅन'मध्ये बदल अजिबात होत नाही, असं मात्र नाही. 'अ‍ॅझ्युअर रश' हे त्याचं ठेंगणं, फिकट निळं रूप एका फांदीतल्या अचानक बदलातून आलं आहे. बी नाही, संकर नाही, तरी नवं वाण कसं निघतं, ते पुढच्या आठवड्यात पाहू.