जुनी शिडाची होडी घेण्यापूर्वी

बैल घ्यायचा झाला तर आपण काय करतो? आधी दात पाहतो, मग चालवून पाहतो, आणि मन बसले तर मानेवर जू ठेवून पाहतो. शिंगे रंगवली आणि अंगावर झूल घातली एवढ्यावर कोणी पैसे मोजीत नाही. जुनी होडी घेतानाही हेच करावयाचे असते. पण तिथे भलीभली माणसे फसतात, कारण होडीचे दात कुठे पाहावेत हे त्यांना ठाऊक नसते. आज तेवढेच सांगावयाचे आहे.

पुंडलिकनगरात राहणाऱ्या माणसाने होडीवर बोलावे याचे कुणाला नवल वाटेल. समुद्र आपल्या छत्रपती संभाजीनगरापासून तीनशे किलोमीटरांवर! पण आपल्या मुलखाचे शिडाशी नाते जुने आहे. पैठण ही ज्यांची राजधानी, त्या सातवाहनांपैकी यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. अजिंठ्याच्या लेण्यातही जहाज रंगवलेले आहे, आणि त्या चित्राच्या आधाराने, फळ्या दोरीने शिवून बांधलेली ‘कौंडिण्य’ ही नौका 2025 साली कारवारला आपल्या नौदलात दाखल झाली.

शनिवार-रविवार खाडीत शिडाने फिरावे, अशी हौस आम्हां तिघा प्राध्यापकांनाही एकदा झाली. कोकणातल्या एका खाडीकाठी जुनी होडी पाहायला गेलो. निळाशार ताजा रंग, पांढरी किनार. आम्ही पाहताक्षणीच भुललो. सोबत एक म्हातारा तांडेल होता. तो काही बोलला नाही. वाकून त्याने तळाशी खिशातला चाकू टेकवला आणि हलकेच दाबला. पाते मुठीपर्यंत आत गेले. मग आमच्याकडे पाहून म्हणाला, “सर, पोरांना घेऊन बसणार ना हिच्यात?” आम्ही मुकाट्याने परत आलो.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, होडी दोनदा पाहावी. एकदा कोरड्यावर आणि एकदा पाण्यात. आपल्या किनाऱ्यावर याची सोय निसर्गानेच केली आहे. पावसाळ्यात लहान होड्या काठावर ओढून ठेवतात, तेव्हा एरवी पाण्याखाली असणारा तळ उघडा दिसतो. नारळी पौर्णिमेनंतर त्या पाण्यात उतरतात, तेव्हा चाल पाहावी. विकणारा एकाच भेटीत सौदा उरका म्हणाला, तर घाई त्याची आहे, आपली नव्हे.

कोरड्यावर काय पाहाल? लाकडी होडी असेल तर मालकाला विचारून, टोकदार हत्याराने तळाचा कणा, फळ्यांचे सांधे आणि पावसाचे पाणी साचणारे कोपरे टोचून पाहा. लाकूड खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्याने लवकर कुजते, म्हणून कूज पुष्कळदा वरून, पावसाच्या पाण्याने सुरू होते. समुद्रातला लाकूड पोखरणारा किडा तर बाहेर टाचणीएवढे भोक ठेवतो आणि आत पोळ्यासारखी चाळण करतो. मडके घेताना आपण टिचकी मारतो, तशी लाकडी हातोडीने फळी ठोकत जा. खणखणीत आवाज चांगला; बोदा आवाज आला की तिथे थांबा.

फायबरची होडी असेल तर कूज नसते, पण तिचेही दुखणे असते. पाण्याखालच्या भागावर फोड आले आहेत का, वरच्या पाटावर चालताना पाय दबतो का, आणि खिळे-कड्यांभोवती चांदणीसारख्या बारीक भेगा आहेत का, हे पाहा. तळाला जड लोखंडी कणा बोल्टांनी जोडलेला असतो. त्या सांध्यातून तांबेरा ओघळलेला दिसला, तर बोल्ट गंजत आहेत असे समजा.

हा कणा कशासाठी, हे शिक्षकमित्रांनी मुलांना जरूर सांगावे. वारा शिडाला बाजूने ढकलतो. कणा पाण्यात आडवा धरून होडीला बाजूला घसरू देत नाही, म्हणून ती पुढे जाते. पण कणा खोल असेल तर ओहोटीला होडी चिखलात बसते. आपल्या खाड्या ओहोटीला पुष्कळ उथळ होतात, म्हणून खाडीत हिंडणाऱ्याने कमी पाण्यात चालणारी, किंवा जिचा कणा वर ओढून घेता येतो अशी होडी पाहावी.

मग डोलकाठी धरणाऱ्या तारांवरून जुने फडके फिरवा. फडके अडकले तर तारेचा धागा तुटला आहे. शिडाचा शत्रू ऊन. कापड धड दिसले तरी शिवण नखाने ओढून पाहा. दोरा तुटला तर शीड संपले. नवे शीड आणि नव्या तारा यांचा खर्च कधी जुन्या होडीच्या किमतीला जाऊन भिडतो, म्हणून किंमत ठरविण्याआधी हा हिशेब मांडा.

आता पाण्यात. होडीचा तळ आधी कोरडा करवून घ्या, मग निदान दोन तास शीड उभारून फिरा. बरेच दिवस काठावर राहिलेली लाकडी होडी प्रथम थोडी गळते. फळ्या फुगल्या की दोन-चार दिवसांत गळती थांबावी. ती थांबली नाही, तर सौदा सोडावा. वाऱ्यावर वळते का, सुकाणू हाताला जड लागते का, वल्ह्यांनी परत आणता येते का, हेही पाहा. वारा पडला की शिडाचा काही उपयोग नाही!

कागदांत नोंदणी मालकाच्याच नावावर आहे का, आणि होडी ठेवण्याच्या जागेचे भाडे थकले आहे का, हे विचारा. जवळच्या पैशांपैकी चौथाई बाजूला ठेवा. दुरुस्ती, नांगर, पाणी उपसायचे भांडे, आणि माणशी एक तरंगते जाकीट यांसाठी. आपल्या नाथसागरावर होडी न्यावी असे कुणाच्या मनात आले, तर तो जलाशय 1986 पासून पक्ष्यांचे अभयारण्य आहे हे ध्यानात ठेवून आधी परवानगीची चौकशी करावी.

आणि शेवटी, पाहायला जाताना सोबत जाणता माणूस न्या. कोळीवाड्यात विचारलेत तर एखादा म्हातारा तांडेल आनंदाने येईल. त्याला चहा पाजा, दिवसाची मजुरी द्या, आणि त्याने चाकू काढला की रागावू नका.